पोरांना काय सांगायचं?

(पाड्यापाड्यावर बालसभा घेणाऱ्या आम्हा पोरापोरींच्या वतीने संघटनेच्या शिबिरात केलेलं भाषण. जसं बोललो तसंच उतरवलं आहे, थोडं नीट केलं आहे.)



आम्हाला दहा मिनिटं बोला म्हणून सांगितलंय. दहा मिनिटांत होणार नाही, आधीच माफी मागतो. सकाळपासून तुम्ही दाव्यांचं ऐकताय. कुणाचा दावा उपविभागीय समितीकडे अडकला, कुणाची मोजणी चुकीची झाली, कुणाला नामंजूर म्हणून कागद आला. ते सगळं महत्त्वाचंच आहे. पण आम्ही चार-पाच जण, कुणी बारावी पास, कुणी बारावीत अडकलेले, गेलं वर्षभर संध्याकाळी पाच-सहा पाड्यांवर लहान पोरांना घेऊन बसतो. पोरं काय बोलतात ते तुमच्या कानावर येत नाही, कारण तेव्हा तुम्ही लाकूडफाटा, पाणी, भाकरी यात असता. ते आज सांगायचं आहे.

पोरगं रात्री झोपत नाही, रडतं. तेव्हा आपण काय म्हणतो? "गप, गार्ड येईल." हसू नका, सगळ्यांच्याच घरात म्हणतात. आमच्याही घरात म्हणायचे. आमच्या आज्या वाघाची भीती घालायच्या. वाघाला तर आपण देव मानतो, वाघबारस करतो, म्हणजे त्या भीतीत थोडा मानही होता. आता वाघाच्या जागी फॉरेस्टवाला आला. पोराला दात यायच्या आधी आपण त्याला शिकवतो की खाकी दिसली की तोंड बंद करायचं.

याचं काय होतं ते सांगतो. एका पाड्यावर मोजणीला माणसं आली. आपल्याच दाव्याची मोजणी, आपणच अर्ज करकरून बोलावलेली. जीप दिसली तशी सगळी पोरं पळाली. दुपारी बाकीची परतली, पण एक पाच वर्षांची मुलगी सापडेना. आईनं विहीर बघितली, ओढा बघितला. शेवटी संध्याकाळी रिकाम्या कणगीत सापडली. आत पाय पोटाशी घेऊन बसली होती, आणि हाका ऐकू येत असूनही ओ देत नव्हती. का, तर ओ दिली तर ते बापाला घेऊन जातील.

त्या दिवशी तिच्या बापाच्या शेताची मोजणी झाली. आनंदाचा दिवस होता. आणि पोर कणगीत.

तेव्हा आम्ही ठरवलं की पोरांशी यावर नीट बोलायचं. पण बोलायचं काय, हे आम्हालाच कळत नव्हतं. आधी आम्ही घोषणा शिकवल्या. पोरं घोषणा फार छान देतात, मोर्चात पुढे उभी केली की फोटोही चांगला येतो. एकदा एका सात वर्षांच्या पोराला विचारलं, "तू हक्क हक्क ओरडतोस, हक्क म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "कागद." बरं, कसला कागद? "साहेब देतो तो. ज्याला दिला त्याची जमीन. आमाला नाय दिला."

आम्ही गप्प झालो. कारण मोठी माणसंही तसंच समजतात. कागद आला तर हक्क आला, नामंजूर झाला तर हक्क गेला. आणि दावा नामंजूर झालेल्या घरातलं पोर मनात समजून चाललंय की आपण दुसऱ्याच्या जागेत घुसलेले आहोत. आपण स्वतःच बोलताना म्हणतो ना, "आमचं दोन एकर अतिक्रमण आहे". स्वतःच्या शेताला अतिक्रमण म्हणतो! आज्याने दगड वेचून बांध घातला, आजी त्या बांधावर बाळंत झाली, आणि आपण तोंडाने म्हणतो अतिक्रमण. तो सरकारी शब्द आहे. घरात पोरांसमोर तरी बोलू नका.

मग त्या पोराला समजावायचं कसं? कलम सांगून समजत नाही. तेव्हा आमच्यातल्या एकीला सुचलं. तिने सगळ्या पोरांना विचारलं, तुमचा वाढदिवस कधी? शाळेत जाणारी सगळी ओरडली, "1 जून!" पंधरा पोरांपैकी अकरांचा 1 जून. तुमचाही 1 जून असेल, आमच्यातल्या तिघांचा आहे. मास्तरांनी दाखला करताना जन्माची तारीख विचारली, आई म्हणाली भात लावायच्या दिवसांत झाला, मास्तरांनी 1 जून लिहिलं.

तिने विचारलं, "मग तू 1 जूनला जन्मलास का?"
"नाय."
"नाव लिहायच्या आधी तू होतास की नव्हतास?"
"होतो ना. खेळत होतो."
"मास्तरांनी लिहिलं म्हणून तू झालास का?"
पोरं हसायला लागली. मास्तर कसा काय मला करील!

हेच तर सांगायचं आहे. 2006 च्या कायद्याचं पूर्ण नाव वाचून बघा. त्यात कंसात लिहिलंय, वन हक्कांची मान्यता. हक्क देण्याचा कायदा असं लिहिलेलं नाही. मान्यता म्हणजे जे आधीपासून आहे ते आहे म्हणून कबूल करायचं. त्याच कायद्याच्या सुरुवातीला सरकारने स्वतः लिहून दिलंय की जंगलात राहणाऱ्यांचे हक्क नोंदवले गेले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे चूक नोंदीत झाली. आपण आधीच होतो, खेळत होतो. इंग्रजांचा जंगल कायदा 1878 चा, मग 1927 चा. त्याच्या आधी इथे नागली पिकत नव्हती का? डोंगराला नाव नव्हतं का?

तो पोरगा दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाला, "आमच्या शेताचा पण 1 जून करायचा हाय." आता तो दाव्याला असंच म्हणतो. बापाचा दावा परत तपासायला टाकलाय, त्याचं काय होईल ते होवो, पण पोर मान खाली घालून चालत नाही.

आता आमची चूक सांगतो. लपवून उपयोग नाही.

शाळेत एका गार्डचा मुलगा आहे, दुसरीत. बदली होऊन आलेलं कुटुंब, कॉलनीत राहतात. आमच्या बालसभेत आम्ही जुन्या गोष्टी सांगत होतो, कुणाच्या घराचा कूड मोडला, कुणाची नांगर-कुऱ्हाड जप्त केली, कुणाला कोंबडी आणि दारू द्यावी लागली. खऱ्याच गोष्टी. पण सांगताना आम्हालाही जोर चढला. आठ दिवसांनी कळलं की आमच्या पोरांनी त्या मुलाला शाळेमागे गाठलं, गोल करून "चोर, चोर" ओरडले, आणि त्याच्या डब्यात माती टाकली. त्याला हे का होतंय तेच कळलं नाही. दोन दिवस शाळेत आला नाही.

त्या रात्री आम्ही खूप भांडलो. एक जण म्हणाला, आपल्या पोरांना इतकी वर्षं चोर म्हणाले, एक दिवस त्यांच्या पोराने ऐकलं तर काय झालं? आमच्यातल्या काहींना तेव्हा ते पटलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, कणगीतली पोर आणि हा डब्यात माती पडलेला पोर, दोघं एकाच वयाची. आपण एकीला कणगीतून बाहेर काढतोय आणि दुसऱ्याला कणगीत घालतोय.

आम्ही त्या गार्डच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने आधी दारच उघडलं नाही. मग बोलणं झालं तेव्हा कळलं की तोही आदिवासीच आहे, दुसऱ्या तालुक्यातला, आणि गावाकडे त्याच्या बापाचाही फॉरेस्ट प्लॉटचा दावा पडून आहे! पोटासाठी खाकी घातली. पुढच्या बालसभेत आम्ही हे पोरांना सांगितलं. पोरांना आधी पटेना. एकीने विचारलं, "मग तो आपला की त्यांचा?" आम्ही म्हणालो, तो नोकरीवर असतो तेव्हा कायद्याने वागला पाहिजे, नाही वागला तर आपण भांडू. घरी असतो तेव्हा तो एका पोराचा बाप आहे, आणि त्याच्या पोराने तर काहीच केलेलं नाही. हे उत्तर पूर्ण नाही हे आम्हाला माहीत आहे. पण पोरांनी त्या मुलाला खेळायला घेतलं. आता तो विटीदांडूत सगळ्यांना हरवतो म्हणून परत भांडणं होतात, पण ती वेगळी भांडणं.

म्हणून मोठ्यांना सांगणं आहे. पोरांना अन्याय सांगा, पण त्यांच्या हातात दगड देऊ नका. आणि झोपायच्या वेळी मारहाणीच्या गोष्टी सांगू नका. बाप कस्टडीत गेला असेल तर खोटं सांगू नका की बाजाराला गेलाय. पोराला सगळं कळतं, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही म्हणून ते स्वतःच्या मनाने त्याहून मोठं भूत तयार करतं. सांगा की बाप का गेला, कधी येईल असं वाटतं, आणि तोवर तुझ्याजवळ कोण कोण आहे. एवढं पुरतं.

दुसरा प्रश्न शाळेतून येतो. एका शाळेत भिंतीवर तक्ता आहे, "जंगल वाचवा". चित्रात लंगोटी घातलेला माणूस कुऱ्हाडीने झाड तोडतोय. एक मुलगी घरी येऊन आजीला म्हणाली, "आजी, जंगल आपण संपवलं का?" आजी चिडली आणि म्हणाली, शाळेत जाऊ नको. आजीचा राग बरोबर आहे, पण ते उत्तर नाही.

खरं सांगायचं. होय, आपण राबासाठी फांद्या तोडतो. घराला डांब लागतात, चुलीला लाकूड लागतं. आणि होय, आपल्याच आज्या-पणज्यांनी कूपाची तोड केली, कोळशाच्या भट्ट्या लावल्या. पण मजुरीवर. माल ट्रकने गेला, पैसा ठेकेदाराकडे गेला, आणि तक्त्यावर चित्र मात्र कुऱ्हाडवाल्याचं आलं. ट्रकवाल्याचं का नाही? त्या मुलीने हे ऐकलं आणि वहीत तसंच चित्र काढलं, त्यात मागे एक मोठा ट्रक. तिने बाईंना दाखवलं. बाई काही बोलल्या नाहीत पण वही परत दिली, फाडली नाही. आम्ही त्यालाही यश म्हणतो.

आणि ट्रक दाखवून आपण सुटत नाही, हेही सांगावं लागतं. कायद्याच्या कलम 5 मध्ये जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, 1800 हेक्टरच्या आसपास जंगल. ती माणसं कित्येक वर्षं आधीपासून जंगल राखत होती. आपल्याकडे आपण सगळा जोर स्वतःच्या प्लॉटच्या दाव्यावर लावला आणि सामूहिक दावे मागे पडले. पोरांना मात्र सामूहिक आधी कळतं! त्यांना विचारा शेवळी कुठे उगवते, मोह कुणाचा, खेकडे कोणत्या ओहोळात. ती म्हणतात सगळ्यांचं. प्लॉटची हद्द त्यांना माहीत नसते.

"हक्क" शब्दापेक्षा "वाटा" शब्द पोरांना लवकर कळतो. ओढ्यावर सगळ्यांनी मिळून मासे धरले की वाटे पडतात. कडेवरच्या पोराचाही वाटा पडतो, त्याने तर पाण्यात पायही घातलेला नसतो. आम्ही विचारतो, त्याला का वाटा? पोरं म्हणतात, "तो पण पाड्यावरचा हाय ना." बस. इथून पुढे ग्रामसभा समजावणं सोपं जातं. पाड्याचं काय करायचं ते पाड्यावरच्यांनी बसून ठरवायचं, त्यात बायांचाही वाटा. वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बाया हव्यात. जमिनीचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. हे ऐकल्यावर एका सहा वर्षांच्या मुलीने भर सभेत बापाला विचारलं, "आयेचं नाव टाकलं का?" बापाने टाकलं होतं, पण तिने विचारल्यावर घरी जाऊन परत बघितलं, असं तिच्या आईने आम्हाला सांगितलं.

आता नावाचं. पोरं विचारतात, आपण कोण? दाखल्यावर एक जात लिहितात, बाहेरचे दुसरंच काही म्हणतात, कुणी वनवासी म्हणतं, बाजारात कुणी हलकं बोलतं. त्यांना आम्ही जयपाल सिंग मुंडांची गोष्ट सांगतो. मुंडा आदिवासी, आजच्या झारखंडातले. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ सोन्याचं पदक जिंकला, त्याचे कप्तान. इथे पोरं टाळ्या वाजवतात, हॉकी कधी बघितलेली नसली तरी. हेच जयपाल सिंग पुढे घटना लिहिणाऱ्या सभेत बसले आणि म्हणाले, आम्हाला आदिवासी म्हणा. घटनेत शब्द आला "अनुसूचित जमाती". म्हणजे यादीतल्या जमाती. यादीत नाव आलं म्हणून राखीव जागा मिळाल्या, शिष्यवृत्ती मिळाली, आपला भाग अनुसूचित क्षेत्र झाला, 1996 चा पेसा कायदा आला. यादीचा फायदा झाला हे नाकारायचं नाही. पण आदिवासी हा शब्द राहून गेला. 2007 च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, भारत सरकारने त्याच्या बाजूने मत दिलं, आणि वर म्हटलं की आमच्याकडे तर सगळेच मूळचे रहिवासी! पोरांना हे सांगितलं तर एकाने विचारलं, "सगळेच आदिवासी असतील तर मग ते आपल्याला का हसतात?" आम्ही त्याला म्हटलं, हा प्रश्न जपून ठेव, मोठा झालास की विचार.

जवळचं पण सांगतो. 1945 मध्ये तलासरीजवळ झरीला वारल्यांची सभा झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मेली. हे आम्ही आठ वर्षांच्या वरच्या पोरांनाच सांगतो. लहानांना सांगतो लग्नगड्याची गोष्ट, की पूर्वी लग्नाच्या कर्जासाठी नवरा-बायको सावकाराकडे राबायचे, आणि मग एक दिवस सगळ्यांनी मिळून सांगितलं, आता नाही. ज्या घरात अजून आजा-आजी आहेत त्यांनी त्यांच्याकडूनच पोरांना ऐकवावं. आमच्यातल्या एकाचा आजा हे सांगायचा, आम्ही लिहून घेऊ घेऊ म्हणत राहिलो, आणि गेल्या पावसाळ्यात तो गेला. तो 13 डिसेंबर 2005 च्या कितीतरी आधीपासून जमीन कसत होता, त्याचा जबाब पुरावा म्हणून चालला असता. नियम 13 मध्ये लिहिलंय की वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात. जुना बांध, विहीर, स्मशान, देवाची जागा हेही पुरावे. गोष्टही गेली आणि पुरावाही गेला.

त्यावरून आम्ही एक काम सुरू केलंय. दर रविवारी एका म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला पुढे करायचं आणि मागे पोरं. शिवारातून चालायचं. म्हातारी नाव सांगेल, पोरं पाठ करतील. कोणत्या झाडाखाली नारनदेव, कोणता झिरा उन्हाळ्यात आटत नाही, कुठे जुनं खळं होतं, कुणाचं घर कुठून कुठे हललं. परत आल्यावर पोरं कोळशाने जमिनीवर, भिंतीवर नकाशा काढतात. एका पाड्यावर पोरांनी 43 नावं काढली. सरकारी नकाशात त्या जागेत एक कंपार्टमेंट नंबर आहे, बाकी काही नाही. समितीच्या अध्यक्षांना आम्ही दाखवलं, ते म्हणाले यातल्या सहा जागा आमच्या दाव्यात लिहायच्या राहिल्यात.

कणगीतली ती मुलगी पण चालायला येते. अजून जीपचा आवाज आला की आमच्यातल्या कुणाचं तरी बोट धरते. पण पळत नाही. मागच्या खेपेला रस्त्यात दोन वनकर्मचारी भेटले, विचारलं कुठे चाललात एवढी फौज घेऊन. आम्ही उत्तर द्यायच्या आधी तीच म्हणाली, "आमच्या झिऱ्याकडे." मग बोट आणखी घट्ट धरलं.

आता कामाचं बोलून थांबतो. पोरांचे हे नकाशे सामूहिक दाव्याला जोडायचे की नुसती नावं जबाबात घालायची, हे प्रत्येक पाड्याने आपल्या ग्रामसभेत ठरवायचं आहे. आम्ही दोन्ही बाजूंनी मदत करू. शिसपेन्सिली आणि मोठे कोरे कागद कमी पडतात, जुन्या कॅलेंडरची पाठची बाजूही चालेल, घरी असतील तर पाठवा. आणि ज्यांच्या भिंतीवर पोरांनी कोळशाने काढलंय, त्या बायांना हात जोडून विनंती आहे, आम्ही येऊन कागदावर उतरवून घेईपर्यंत ती भिंत सारवू नका. पावसाच्या आधी सगळ्या पाड्यांवर येतो.

जिंदाबाद!